वाळवंटातली हरळी

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलताना राहून गेलेले एक-दोन आकडे इथे घातले आहेत.)



संयोजकांनी मला फोनवर बजावलं होतं, "अमेरिकेतलं काहीतरी सांग, पण संगणकावर बोलू नकोस, लोक झोपतात." म्हणून मी गोल्फच्या मैदानांवर बोलणार आहे. विषय ऐकून मागच्या बाकांवरून जो हशा आला, तो तीस वर्षांपूर्वीही त्याच बाकांवरून यायचा. बरं वाटलं, बाकं जागेवर आहेत.

आपल्यापैकी कुणी शाळेत असताना गोल्फचा चेंडू पाहिला नव्हता. आपलं मैदान मुरमाचं. खो-खोत सूर मारला की गुडघा सोलणार आणि बाई हळद लावणार, हे ठरलेलं. पण पुढे इंजिनिअर झाल्यावर नोकरीनं मला ॲरिझोनात नेलं आणि फिनिक्स शहराजवळ मी नऊ वर्षं एकच काम केलं. गोल्फच्या मैदानावर रात्री कुठला स्प्रिंकलर किती मिनिटं चालवायचा, हे ठरवणारं सॉफ्टवेअर लिहिण्याचं. माणदेशातली मुलगी, टँकरच्या रांगेत हंडा ठेवून पाढे पाठ केलेली, आणि काम काय, तर वाळवंटातल्या गवताला पाणी पाजायचं!

आणखी एक कबुली आधीच देते. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहा महिन्यांपूर्वी "शाळेचं अख्खं मैदान हिरवंगार लॉन करूया, पहिले पैसे माझे" असं लिहिणारी मीच होते. त्यावर ७३ अंगठे आले. आज त्याबद्दलही बोलायचं आहे, पण शेवटी. आधी गोष्ट ऐका.

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवा गालिचा येतो. पण हा खेळ जन्मला वाळूत. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेती यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांचा पट्टा असतो, त्याला तिकडे लिंक्स म्हणतात. नांगर चालत नाही, पीक येत नाही, मेंढ्या तेवढ्या चरतात. लोकांनी तिथे काठीनं चेंडू मारायला सुरुवात केली. मैदान कुणी बांधलं नाही. मेंढ्यांनी गवत आखूड ठेवलं, वाऱ्यानं वाळू उघडी पाडली आणि त्या वाळूच्या खड्ड्यांना पुढे बंकर हे नाव मिळालं. सेंट अँड्र्यूजला आधी २२ होलचा फेरा होता, तो १७६४ मध्ये १८ वर आला आणि तोच पुढे जगभर रूढ झाला. पाणी घालायचा प्रश्न नव्हता, ते काम आभाळ करत होतं.

अडचण सुरू झाली ती हा खेळ पाऊस नसलेल्या मुलखात गेल्यावर. तिथल्या पहिल्या लोकांनी साधा मार्ग काढला : गवत नाही ना, मग गवताशिवाय खेळू. होलभोवतीची जागा, जिला ग्रीन म्हणतात, ती वाळूत तेल मिसळून, चोपून सपाट करायची. वाऱ्यानं वाळू उडत नाही आणि चेंडू नीट घरंगळतो. अमेरिकेच्या कोरड्या भागांत अशी पुष्कळ मैदानं होती. आखातातही गोरे साहेब तेलाच्या वाळूवर खेळायचे. ऑस्ट्रेलियात कूबर पेडी म्हणून ओपल खाणींचं गाव आहे, तिथल्या मैदानावर आजही गवत नाही. खेळाडू नकली गवताचा छोटा तुकडा सोबत बाळगतो. तो खाली ठेवायचा, त्यावर चेंडू ठेवायचा, मारायचा, तुकडा उचलून पुढे चालायचं. मला हे फार आवडलं. आपणही क्रिकेटची खेळपट्टी अशीच मनात बाळगून गल्लोगल्ली फिरायचो.

आता फिनिक्सकडे येते. या शहरात वर्षाला साधारण २०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या दुष्काळी तालुक्यातसुद्धा त्याच्या दुपटीहून जास्त पडतो, म्हणजे बघा. पण फिनिक्सला नद्यांचं पाणी कालव्यांतून मिळत आलं. होहोकम नावाच्या तिथल्या प्राचीन लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी हातानं कालवे खणले होते आणि आजचे काही कालवे त्यांच्याच मार्गानं जातात. १९११ मध्ये रूझवेल्ट धरण पूर्ण झालं. मग विजेचे पंप आले, एअर कंडिशनर आले, थंडीला कंटाळलेले उत्तरेतले श्रीमंत लोक हिवाळ्यात येऊन राहू लागले. त्यांना गोल्फ हवा होता, आणि तो घरच्यासारखा हवा होता. म्हणून मैदानं तशीच झाली : या कडेपासून त्या कडेपर्यंत गवत, मध्ये तळं, कडेला बाहेरून आणलेली झाडं. वाळवंट कुंपणाबाहेर.

हे गवत कुठलं, माहीत आहे? तिकडे त्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात. माझ्या पहिल्या आठवड्यात मला मैदानावर नेलं, मी खाली वाकून एक काडी उपटली आणि ओरडलेच, "अरे, ही तर हरळी!" हो, आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा. शास्त्रीय नाव एकच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. जॉर्जिया राज्यात टिफ्टन इथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञांनी तिचा आफ्रिकेतल्या एका भाऊबंदाशी संकर करून बारीक पानाच्या जाती काढल्या. त्यांतली १९६० मध्ये आलेली टिफवे तर उष्ण भागांतल्या मैदानांवर सगळीकडे पसरली.

आमच्या अण्णांनी आयुष्यभर शेतातली हरळी खणली. कुदळीनं खोल जायचं, एकेक कांडी वेचायची, बांधावर वाळवून जाळायची. एक कांडी राहिली तरी पाऊस पडला की पुन्हा हजर. त्यांना फोनवर सांगितलं, की इथे हरळीला रोज रात्री पाणी देतात, खत देतात आणि त्यासाठी तुमच्या मुलीला पगार देतात. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "इकडची घेऊन जा म्हणावं, फुकट."

तर अशी सगळी हरळीच हरळी असताना एक वेगळं मैदान झालं. फिनिक्सच्या उत्तरेला केअरफ्री नावाचं गाव १९५० च्या दशकात दोघा जणांनी वसवायला घेतलं. गावाचं नाव निश्चिंत, आणि रस्त्यांची नावं ईझी स्ट्रीट, हो हम रोड. धंदा प्लॉट विकायचा. पण विकण्यासारखं तिथे होतं काय? मोठमोठे गोल धोंडे, उंच सग्वारो निवडुंग, कोरडे ओढे आणि स्वच्छ हवा. म्हणजे वाळवंट हाच माल. त्याच्यावर गवत अंथरलं तर मालच झाकला जाणार.

गोल्फच्या मैदानाचं काम आलं रॉबर्ट लॉरेन्स यांच्याकडे. सगळे त्यांना रेड लॉरेन्स म्हणत. पूर्वेकडे हिरव्या मुलखात काम केलेला, साठी ओलांडलेला माणूस. त्यांनी आखलेलं डेझर्ट फॉरेस्ट हे मैदान १९६२ मध्ये सुरू झालं आणि खऱ्या अर्थानं वाळवंटी रचनेचं पहिलं मैदान म्हणून आज त्याचंच नाव घेतात. लॉरेन्स यांनी जमीन फारशी हलवली नाही. फेअरवेवर एकही बंकर ठेवला नाही, तळं केलं नाही. गरजच नव्हती. गवताची कड संपली की लगेच काटे, खडे, निवडुंग. चेंडू तिकडे गेला की शिक्षा झालीच, वेगळे खड्डे खणायचे कशाला? इतर ठिकाणी अडथळे बांधायला पैसे लागतात, इथे ते आधीपासून उभे होते.

खेळ न पाहिलेल्यांसाठी सांगते. खेळाडू एका छोट्या चौथऱ्यावरून, म्हणजे टीवरून, चेंडू मारतो. तो दीड-दोनशे मीटर हवेतून जातो आणि मग पडतो. मधल्या जमिनीवर चेंडू पडायचाच नसेल, तर तिथे गवत कशाला? टीपाशी एक तुकडा, चेंडू पडण्याच्या जागी एक पट्टा आणि ग्रीनभोवती एक तुकडा. बाकी वाळवंट जसं आहे तसं. समुद्रातल्या बेटांसारखं. खेळाडू एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेम धरतो, म्हणून या प्रकाराला टार्गेट गोल्फ असं नाव पडलं.

जवळजवळ वीस वर्षं हे मैदान जाणकारांपुरतंच राहिलं. मग १९८३ मध्ये जवळच स्कॉट्सडेलला जॅक निकलॉस यांनी आखलेलं डेझर्ट हायलँड्स सुरू झालं आणि त्याच वर्षी तिथे पहिला स्किन्स गेम खेळला गेला. आर्नोल्ड पामर, गॅरी प्लेयर, टॉम वॉटसन आणि स्वतः निकलॉस असे चार दिग्गज. अमेरिकेनं घरात बसून टीव्हीवर पाहिलं : तपकिरी डोंगर, निवडुंग आणि मध्येच झळाळणारे हिरवे पट्टे. त्यानंतर तशा मैदानांची रांगच लागली.

पण फक्त टीव्हीमुळे रांग लागली नाही. दुसरं कारण भूगोलाच्या बाईंना आवडेल. ॲरिझोनात शेती आणि शहरं जमिनीतलं पाणी वारेमाप उपसत होती, पातळी खाली खाली जात होती. कोलोरॅडो नदीचं पाणी आणायला सुमारे ५४० किलोमीटर लांबीचा कालवा केंद्र सरकार बांधून देत होतं. सरकारनं अट घातली : आधी उपशावर कायदा करा, नाहीतर कालव्याचे पैसे विसरा. गव्हर्नर ब्रूस बॅबिट यांनी सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं आणि १९८० मध्ये भूजल कायदा झाला. त्याखालच्या नियमांत नव्या १८ होलच्या मैदानाला पाणी देताना हिशेब साधारण ९० एकर गवताचाच धरला जाऊ लागला. कडेपासून कडेपर्यंत गवत आता बसेना. तेव्हा लॉरेन्स यांची पद्धत सगळ्यांना आठवली. प्लॉट विकण्यासाठी जे केलं होतं, ते आता नियम पाळण्यासाठी करावं लागलं.

गणिताचे सर आम्हाला म्हणायचे, "उदाहरणात काय दिलंय ते आधी लिही, मग सोडव." लॉरेन्स यांनी तेच केलं होतं. जागेत काय दिलंय ते आधी मांडलं. उलट लास वेगासजवळ त्याच दशकाच्या अखेरीस शॅडो क्रीक नावाचं मैदान टॉम फाझिओ यांनी केलं. सपाट वाळवंट खणून टेकड्या केल्या, हजारो झाडं आणून लावली, ओढे सोडले. आत गेलं की वाळवंटात आहोत हे कळतही नाही. तेही कसबच आहे, मी नाकारत नाही. पण ते उदाहरणातलं दिलेलं खोडून स्वतःचं लिहिणं झालं. दुबईचं एमिरेट्स गोल्फ क्लब, १९८८ चं, कार्ल लिटन यांनी आखलेलं, तर समुद्राचं पाणी गोड करून त्यावर उभं राहिलं. आपल्यातले जे दुबईत आहेत त्यांनी त्याचं तंबूंच्या आकाराचं क्लब हाउस रस्त्यावरून जाता-येता पाहिलं असेल.

ॲरिझोनात मैदान आखताना मला एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. सग्वारो निवडुंगाला पहिली फांदी फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, परवानगीशिवाय हलवता येत नाही. बांधकामाच्या वाटेत येणारी झाडं मुळांसकट खणून लाकडी खोक्यांत ठेवतात, पाणी देऊन जगवतात आणि काम झालं की पुन्हा लावतात. आपल्या रस्ता रुंदीकरणात गेलेली वडाची झाडं मला तेव्हा आठवायची.

आता माझी चूक सांगते. आमचं सॉफ्टवेअर दिवसभराचं ऊन, वारा, दमटपणा मोजून गवतानं किती पाणी गमावलं याचा हिशेब करायचं आणि रात्री तेवढंच परत द्यायचं. ऐन जूनमध्ये हा आकडा दिवसाला आठ-नऊ मिलिमीटरवर जातो. एकदा मी वेळापत्रकाचा भाग नव्यानं लिहिला. एका होलवरचे १८ स्प्रिंकलर रात्री ११:५० ला सुरू होऊन १२:०५ ला बंद व्हायचे होते. पण मध्यरात्र झाली की घड्याळ शून्यावर येतं. माझ्या कोडला १२:०५ ही वेळ दिवसाच्या सुरुवातीची वाटली, म्हणजे होऊन गेलेली. ते पुढच्या रात्रीची वाट पाहत बसलं. पाणी चालूच.

पहाटे सहाला मैदानाच्या देखभालप्रमुखांचा फोन आला. मी धावत गेले. फेअरवेवर तळं साचलं होतं आणि त्यात सग्वारोची सावली पडली होती. दिसायला सुंदर. एक स्प्रिंकलर मिनिटाला साधारण १०० लिटर पाणी टाकतो. १८ स्प्रिंकलर, सहा तास. मी तिथेच उभ्या उभ्या गुणाकार केला : साडेसहा लाख लिटर. म्हणजे आपले दहा हजार लिटरचे ६५ टँकर. आमच्या वस्तीवर उन्हाळ्यात दिवसाआड एक टँकर यायचा. एका विसरलेल्या अटीमुळे मी चार महिन्यांचे टँकर एका रात्रीत जमिनीवर ओतले होते.

ते प्रमुख वयस्कर गृहस्थ होते. ओरडले नाहीत. मला घेऊन ते मैदानभर चालले आणि गवतातले जुने चेंडूंचे घाव दाखवत गेले. चेंडू कुठे पडतात ते बघ, म्हणाले, तिथलं गवत मी जपतो. जिथे पडतच नाहीत तिथलं दर वर्षी थोडं थोडं काढून टाकतो. तोवर मी गवत म्हणजे संगणकावरचा हिरवा नकाशा समजत होते. त्या दिवसापासून मी नकाशा उघडण्याआधी मैदानावर चालायला लागले.

यावरून असं समजू नका की वाळवंटी गोल्फ हा पाणी वाचवण्याचा धडा आहे. एवढी काटकसर करूनही फिनिक्समधलं १८ होलचं एक मैदान वर्षाला साधारण ४५० एकर-फूट पाणी घेतं. म्हणजे ५५ कोटी लिटर. टँकरमध्ये मोजायचं तर ५५ हजार टँकर, एका मैदानाला. त्यात आणखी एक गंमत. हरळी हिवाळ्यात झोपते, पिवळी पडते, आणि पाहुणे येतात ते नेमके हिवाळ्यात. मग ऑक्टोबरच्या सुमारास तिच्यावर रायग्रास नावाचं दुसरं गवत पेरायचं आणि ते रुजेपर्यंत पुन्हा पाणीच पाणी. काही मैदानं आता हे पेरणं कमी करतात. उत्तर स्कॉट्सडेलमधली मैदानं शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी वापरतात. पण २०२१ मध्ये कोलोरॅडोवर इतिहासात पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि ॲरिझोनाच्या वाट्याचं पाणी कापलं गेलं, तेव्हा शेतकऱ्यांच्या पाटाचं पाणी गेलं. ज्यांची शेतं कोरडी पडली त्यांनी मैदानांकडे बोट दाखवलं, तर त्यांना चूक कसं म्हणू? मी अण्णांची मुलगी आहे.

त्याच वर्षी शेजारच्या नेवाडा राज्यानं एक कायदा केला. लास वेगास परिसरातलं बिनकामाचं गवत काढून टाकायचं, २०२६ संपल्यावर त्याला कोलोरॅडोचं पाणी मिळणार नाही. बिनकामाचं म्हणजे रस्त्याच्या दुभाजकावरचं, दुकानांसमोरचं, नुसतं बघायचं. मुलं ज्यावर खेळतात ते राहू शकतं. मला ही व्याख्या फार पटली. एवढा मोठा कायदा, पण विचारतो एवढंच : या गवतावर कुणाचा पाय पडतो का?

आता आपल्या मैदानाकडे येते आणि संपवते.

परवा इथे पोहोचल्यावर मी सकाळी आठ ते अकरा मैदानावर उभी राहिले. मुलांचे पाय कुठे पडतात ते पाहिलं. खो-खो आणि कबड्डी मातीतच होते, ती जागा नीट चाळलेल्या मातीची हवी, गवताची नको. मोठी मुलं कडुनिंबाच्या सावलीत बसतात, तिथे गवत लावलं तरी सावलीत हरळी येणार नाही. प्रार्थनेच्या जागेवर पाचशे पावलं रोज पडतात, तिथे लॉन महिनाभर टिकणार नाही. गवत खरोखर हवं ते एकाच ठिकाणी : पहिली-दुसरीची पोरं घसरगुंडीवरून जिथे पडतात तिथे. फार तर दोन गुंठे.

आणि त्याला पाणीही आहे. पोषण आहाराच्या आधी आणि नंतर सगळी मुलं नळांवर हात धुतात, ते पाणी सध्या गेटजवळ चिखल करतं. एक चर काढला, मध्ये खडी-वाळूचा खड्डा केला, की ते त्या दोन गुंठ्यांपर्यंत उतारानं जातं. पंप नको, सॉफ्टवेअर तर नकोच.

म्हणून माझा सहा महिन्यांपूर्वीचा प्रस्ताव मी आज सगळ्यांसमोर मागे घेते. पैसे मागे घेत नाही, खजिनदारांनी घाबरू नये. ते चर, मातीचं मैदान आणि कुंपणाकडेची चाळीस झाडं यांना द्यावेत, असं सुचवते. ज्या ७३ जणांनी अंगठे दिले होते त्यांनी चहानंतर माझ्यासोबत मैदानावर एक चक्कर मारावी आणि मग काय ते ठरवावं. नाही पटलं तर मी ऐकेन.

राहता राहिला प्रश्न गवत आणायचं कुठून. नर्सरीवाल्यानं चौरस फुटाचा भाव सांगितला आहे. पण नळाच्या मागे, जिथे आपण डबे धुवायचो, तिथे मी काल वाकून बघितलं. हरळी अजून आहे. तीस वर्षांत कुणी पाणी घातलं नाही, कुणी खत घातलं नाही. चार टोपल्या कांड्या तिथूनच निघतील. खणायला कुदळ मी घरून आणली आहे, अण्णांची.

सर, बाई, बोलण्यात काही चुकलं असेल तर पूर्वीसारखं लाल पेनानं दुरुस्त करा.